शून्याचा शून्यावा घात आणि रूपकाची सम

गेल्या महिन्यातील गोष्ट. माझ्याकडे गाणे शिकावयास येणारी आठवीतील एक मुलगी हातावर रूपक धरीत होती. रूपकाच्या मात्रा सात. तीन, दोन, दोन असे त्याचे विभाग. बहुतेक तालांत समेवर टाळी पडते. रूपकाची पहिली मात्रा मात्र समही असते आणि खालीही असते. भातखंडे यांच्या पद्धतीने ठेका लिहिताना खालीची खूण म्हणून शून्य काढतात; तेव्हा रूपकाच्या पहिल्याच मात्रेखाली शून्य येते. मुलीने वहीकडे पाहिले आणि हात थांबविला.

“काका, समेवर शून्य कसे? सम म्हणजे तर सगळ्यांत वजनाची मात्रा ना?”

मला दुसऱ्या शिकवणीला जावयाचे होते. “रूपकात असेच असते,” मी म्हटले, “तू बोल म्हण.”

तिने बोल म्हटले. पण जाताना पिशवीतून गणिताची वही काढून माझ्यासमोर धरली. घातांकांच्या धड्याखाली तिने आपल्याच मनाने एक ओळ लिहिली होती : शून्याचा शून्यावा घात = १. त्यावर तांबडी फुली होती. “हे का चूक, म्हणून मी विचारले, तर शाळेतही हेच म्हणाले,” ती म्हणाली, “असेच असते, असले प्रश्न विचारायचे नसतात.” तिने ‘हेच’ या शब्दावर जोर दिला नव्हता, तरी तो मला लागला. एकाच दिवशी दोन शिक्षकांनी तिला एकाच वाक्याने गप्प केले होते, आणि त्यांपैकी एक मी होतो.

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ग्वाल्हेरचे दरबारी गवई. १९४८ मध्ये संस्थाने विलीन होऊन मध्यभारत झाला तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. पुढे १९५६ मध्ये भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाले आणि ग्वाल्हेर, इंदूर, नागपूरकडील पुष्कळ मराठी कुटुंबे येथे आली, त्यांत आमचेही. मी अण्णांना पन्नाशी उलटल्यावर झालो. त्यामुळे दरबार मी पाहिला नाही, दरबारी शिकवण तेवढी पाहिली. तिच्यात एक नेम होता. शिष्याने ‘का?’ म्हणून विचारले, की अण्णा दोहोंपैकी एक उत्तर देत : ‘हे कानाला असे आहे’ किंवा ‘हे आपण असे ठरविले आहे’. पहिले असेल तर तंबोरा जुळवून ऐकवीत. षड्जाशी पंचम का मिळतो याला दुसरा पुरावा नाही. दुसरे असेल तर कोणत्या सोयीसाठी ठरविले, ते सांगत. खालीला शून्य का काढावयाचे, हे दुसऱ्या जातीतले. ‘असेच असते’ हे तिसरे उत्तर त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाही.

गणित घेऊन मी पदवीपर्यंत शिकलो. पुढे गाण्याने ओढले. म्हणून या मुलीचा प्रश्न अण्णांच्या कसोटीला लावून पाहण्याचे धाडस करतो. शून्याचा शून्यावा घात ही काय भानगड आहे, ते आधी पाहू.

दोन नियम आपण शाळेत शिकतो. शून्य कितीही वेळा शून्याने गुणा, उत्तर शून्यच : शून्याचा वर्ग शून्य, घन शून्य. दुसरा नियम असा, की कोणत्याही संख्येचा शून्यावा घात १. त्याचे कारण पुस्तकात दिलेले असते : ७ चा घन ३४३, वर्ग ४९, पहिला घात ७, प्रत्येक पायरीला आपण ७ ने भागतो आहो, म्हणून पुढची पायरी १. आता पायाही शून्य आणि घातांकही शून्य असला, तर पहिला नियम ‘शून्य’ म्हणतो आणि दुसरा ‘एक’ म्हणतो. दोन्ही नियम एकाच मात्रेवर येऊन आदळतात, जशी रूपकात सम आणि खाली. आणि पायऱ्या उतरण्याची युक्तीही येथे चालत नाही. कारण उतरताना शून्याने भागावे लागते, आणि ते भागणे वर्ज्य. म्हणून पुस्तके सावधपणे ‘शून्येतर संख्येचा शून्यावा घात’ असा शब्दप्रयोग करतात आणि पुढे निघून जातात.

पण घात म्हणजे केवळ गुणाकार नव्हे. घात म्हणजे मोजणीही. हे आम्हा गाणाऱ्यांना गणितज्ञांइतकेच ठाऊक असावयास हवे. भूप घ्या. त्याचे स्वर पाच. तीन मात्रा दिल्या आणि प्रत्येक मात्रेवर एक स्वर ठेवावयाचा, तर पलटे किती होतील? पाच गुणिले पाच गुणिले पाच, म्हणजे १२५. हा पाचाचा घन. स्वर एकच असेल तर पलटाही एकच. स्वर एकही नाही आणि मात्रा मात्र तीन भरावयाच्या, तर काम होणे नाही, पलटे शून्य. हा शून्याचा घन. आता मात्रा एकही नको असे म्हणा. स्वर पाच आहेत, पण भरावयास जागाच नाही. असे पलटे किती? एक : कोरी ओळ. ती लिहिण्याचा प्रकार एकच. म्हणून पाचाचा शून्यावा घात १. या मोजणीत भागाकार कोठेच आला नाही, हे ध्यानात घ्यावे.

शेवटचा प्रश्न. स्वर एकही नाही आणि मात्राही एकही भरावयाची नाही. पलटे किती? तीच कोरी ओळ, आणि ती या वेळीही लिहिता येते. कारण तिला स्वर लागतच नाही. उत्तर १. ‘जागा आहे पण वस्तू नाही’ येथे काम अडते; ‘जागाच नाही’ येथे अडावयास काही उरत नाही. कोणी म्हणेल, कोऱ्या ओळीला पलटा कसे म्हणावे? मग पाचाच्या वेळीही म्हणू नये. आणि तसे केले तर पाचाचा शून्यावा घात १ हे पुस्तकातले उत्तरही जाईल. एका ठिकाणी कोरी ओळ धरावयाची आणि दुसऱ्या ठिकाणी पुसावयाची, हा न्याय नव्हे. त्या मुलीचे उत्तर मोजणीच्या दृष्टीने बिनचूक होते.

ही मोजणी आपल्याकडे जुनी आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्राला सुमारे दोन हजार वर्षे झाली असे मानतात. इतक्या अक्षरांच्या चरणात लघु-गुरूंचे प्रकार किती, हे काढण्याची, म्हणजे दोनाचा कितवाही घात काढण्याची, त्यातील रीत अशी : अक्षरसंख्या सम असेल तर निम्मी करून दोनाची खूण करावी, विषम असेल तर एक वजा करून शून्याची खूण करावी, शून्य हाती येईपर्यंत असे करावे. मग १ हाती धरून उलट चालावे. शून्याच्या खुणेपाशी दुप्पट, दोनाच्या खुणेपाशी वर्ग. सहा अक्षरे घेतली तर खुणा येतात दोन, शून्य, दोन, शून्य. आणि उलट चालताना १ चे २, २ चे ४, ४ चे ८, ८ चे ६४. गंमत पाहा : कोणतीही खूण लागण्याच्या आधी हाती जे असते ते १. अक्षरसंख्याच शून्य असेल, तर एकही खूण होत नाही आणि तो १ तसाच हाती राहतो. येथे दुप्पट करण्याऐवजी आणखी कशाने गुणावयाचे असते, अगदी शून्याने गुणावयाचे असते, तरी गुणण्याची वेळच येत नाही. पाया काहीही असो, न केलेल्या गुणाकाराची किंमत एक, असे ती रीत आपल्याला दाखवून जाते.

तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त सात स्वरांचे ५०४० क्रम मोजले, आणि अमुक क्रमांकाची तान कोणती, अमुक तानेचा क्रमांक कोणता, हे काढण्याचे कोष्टकही दिले. त्याच सिंघणाच्या पदरी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ज्योतिषी होता, आणि भास्करांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्याने चाळीसगावाजवळच्या पाटण येथे मठ चालविला. तेथल्या शिलालेखात याची नोंद आहे. गाणे मोजणारा आणि तारे मोजणारा एकाच राजाचे मीठ खात होते.

येथवर वाचून एखाद्या वाचकाची छाती फुगली असेल, तर त्यास थोडे थांबवावयास हवे. शून्याच्या शून्याव्या घाताचा प्रश्न पिंगलाने किंवा भास्कराने सोडविला, असे मी म्हटलेले नाही. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये शून्याचे नियम लिहिले. त्यात शून्याला शून्याने भागल्यास शून्य, असे सांगितले. आज ते कोणी मानीत नाही. भास्करांच्या ११५० मधील ‘लीलावती’त शून्याचा वर्ग आहे, घन आहे; शून्यावा घात नाही. मात्र तेथे एक सूचना आहे, ती या प्रकरणात फार मोलाची. शून्याने गुणले म्हणून राशी लगेच टाकून देऊ नये. पुढे आणखी क्रिया करावयाच्या असतील तर ‘हिला शून्याने गुणले आहे’ एवढे ध्यानात ठेवावे. म्हणजे शून्य कोणत्या वाटेने आले याचा विसर पडू देऊ नये. पुढे युरोपात या प्रश्नावर जो वाद झाला, तो नेमका या वाटेचाच.

१८२१ मध्ये फ्रेंच गणिती कोशी याने आपल्या विश्लेषणाच्या पुस्तकात शून्याचा शून्यावा घात ‘अनिश्चित’ रूपांच्या यादीत बसविला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. तो मोजीत नव्हता. तो सरकणाऱ्या राशींचा विचार करीत होता. पाया आणि घातांक दोन्ही शून्याकडे सरकत असतील, तर किंमत कोठे जाते? पाया आणि घातांक सारखेच घ्या : दशांश एकचा दशांश एकावा घात सुमारे ०.७९, शतांशाचा शतांशावा सुमारे ०.९५, सहस्रांशाचा सहस्रांशावा सुमारे ०.९९. वाट १ कडे जाते. पण पाया आधीच शून्य असेल आणि घातांक तेवढा लहान होत जाईल, तर किंमत जन्मभर शून्यच. आणि तिसरी वाट पाहा : १०२४ व्या हिश्शाचे दहावे मूळ अर्धा; १०,४८,५७६ व्या हिश्शाचे विसावे मूळ तेही अर्धा. पायाही शून्याकडे चालला आहे, घातांकही चालला आहे, आणि किंमत मात्र अर्ध्यावर ठाण मांडून बसली आहे. अशा ठिकाणी ‘उत्तर १’ असे आधीच ठरविणे म्हणजे गायकाने तोंड उघडण्यापूर्वी राग सांगण्यासारखे होय.

१८३४ मध्ये जर्मन गणिती मोबियस याने १ चा पक्ष घेतला, तोही सरकणाऱ्या राशींच्याच आधाराने. त्याला उलट उदाहरणे दाखविण्यात आली आणि वाद त्याच्या विरुद्ध गेला. तेव्हापासून बहुतेक पाठ्यपुस्तके मौनात गेली. पुढे १९९२ मध्ये संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी हा घोटाळा स्वच्छ मांडला : सरकणाऱ्या राशींचे रूप अनिश्चित आहे हे कोशीचे म्हणणे खरे, पण शून्य ही संख्या म्हणून घेतली तर तिचा शून्यावा घात १ च धरला पाहिजे, न धरल्यास बीजगणितातली साधी सूत्रेही लंगडी पडतात. आणि २००८ मध्ये संगणकांच्या अंकगणिताचे आंतरराष्ट्रीय मानक सुधारले गेले, तेव्हा त्यात घाताच्या एकाहून अधिक क्रिया ठेवण्यात आल्या. एकीत शून्याचा शून्यावा घात १ येतो. दुसरीत ‘ही क्रिया अवैध’ अशी खूण उमटते. यंत्रालाही विचारावे लागते, की बाबा, तू मोजतो आहेस की सरकतो आहेस? मग आठवीतल्या मुलीला तो फरक सांगावयास आपल्याला काय अडचण आहे?

अडचण एकच, आणि ती गणिताची नव्हे. ‘हे आपण ठरविले आहे’ असे म्हणताना शिक्षकाला आपला अधिकार कमी झाल्यासारखा वाटतो. ‘असेच असते’ म्हटले की तो शाबूत राहतो. मीही रूपकाच्या समेवर तेच केले.

या बाबतीत आमच्या शेजारच्या सिहोराचा दाखला मला बळ देतो. भोपाळपासून एसटीच्या नव्हे, येथल्या खासगी बसच्या तासा-सव्वा तासाच्या वाटेवर सिहोर आहे. १८३० नंतरच्या दशकात लान्सलॉट विल्किन्सन हा इंग्रज राजकीय प्रतिनिधी तेथे राहत असे. नव्या ज्योतिषाची ओळख करून द्यावयाची तर विद्यार्थ्याला स्वतःच्या विद्येतून पुढे न्यावे, असा त्याचा आग्रह होता. १८३४ मध्ये, म्हणजे मोबियस ज्या वर्षी वाद घालीत होता त्याच वर्षी, त्याने हे मत लेखरूपाने मांडले : आधी भास्करांचे सिद्धान्त, त्यातून पृथ्वी गोल असल्याची पटवणूक, आणि मग कोपर्निकस. त्याच्याजवळच्या सुबाजी बापूंनी १८३६ मध्ये याच धोरणाने ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ लिहिला, तोही मराठीत. १८३८ मध्ये नागपुरात विल्किन्सनच्या नजरेस एक मराठी तरुण पडला आणि त्याने त्यास सिहोरास आणले. ते बापूदेव शास्त्री. त्यांचा जन्म पुण्याचा आणि १८२१ चा, कोशीचे पुस्तक निघाले त्याच वर्षीचा. सिहोराहून ते काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक म्हणून गेले आणि तेथे भास्करही शिकविला, युरोपीय गणितही शिकविले.

सिहोराच्या त्या शाळेतून घ्यावयाचा धडा दुहेरी आहे. परक्याची विद्या आली म्हणून घरची टाकली नाही. आणि घरची आहे म्हणून तिच्यापाशी थांबलेही नाहीत. आज एकीकडे शून्य आमचे म्हणून ढोल वाजतात, आणि दुसरीकडे शून्यावर प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या वहीत फुली पडते. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या चढावर चतुर्भुज मंदिरात इ. स. ८७६ चा शिलालेख आहे. देवाच्या बागेची लांबी २७० हात आणि रोजच्या माळा ५०, असे आकडे त्यात शून्यासह कोरले आहेत. लहानपणी अण्णांनी मला तो दाखविला होता. जगातले सर्वांत जुने शून्य ते हेच, असे त्या वेळी आम्हास वाटे. वस्तुतः कंबोडियातील एका शिलालेखात शून्याची खूण आहे, आणि तो इ. स. ६८३ चा, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षे अधिक जुना. याने ग्वाल्हेरचे शून्य लहान होत नाही. ते कोरणाऱ्यालाही जुने-नवे याची फिकीर नसावी. माळ्याला रोज किती माळा द्यावयाच्या, हे चुकू नये एवढीच त्याची चिंता असणार. शून्याचा मान राखावयाचा तर त्याने काम कसे चालते ते नीट सांगावे.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. घातांकांच्या धड्यात ‘शून्येतर’ या शब्दापुढे चार ओळी वाढवाव्यात : मोजणीत आणि बीजगणिताच्या सूत्रांत शून्याचा शून्यावा घात १ धरतात, दोन्ही राशी शून्याकडे सरकत असतील तेव्हा किंमत वाटेवर अवलंबून राहते, म्हणून तेथे आधीच काही धरीत नाहीत. एवढे आठवीतल्या मुलाला कळते. पुस्तकात या ओळी येईपर्यंत शिक्षकाने त्या तोंडाने सांगाव्यात. आणि परीक्षेत कोणी १ लिहिले, तर फुली मारण्याआधी ‘कसे काढलेस?’ एवढे विचारावे.

पुढच्या शिकवणीला मी त्या मुलीपुढे भूपाचे पलटे मांडले आणि कोऱ्या ओळीपर्यंत आणले. तिने वहीतल्या आपल्या ओळीखाली पेन्सिलीने ‘मोजताना’ असा शब्द लिहिला. तांबडी फुली तशीच राहू दिली. मग माझ्याकडे पाहत बसली.

मला आठवले. रूपकाचे उत्तर अजून राहिले होते. मी तबला ओढला, तीनताल लावला आणि सम व खाली वेगवेगळी वाजवून दाखविली. समेवर डग्ग्याचा घुमारा, खालीवर तो बंद. मग रूपक लावला. तीं तीं ना म्हणताना डगा घुमत नाही, हे तिच्या कानाने टिपले. “म्हणजे वजन समेचे आणि आवाज खालीचा,” ती म्हणाली. होय, म्हटले, आवर्तन येथून मोजावयाचे हे आपण ठरविले आहे, आणि आवाज कसा आहे ते कानाला कळते आहे. दोन्ही एकाच मात्रेवर नांदतात. तिने पुन्हा हातावर रूपक धरला. या वेळी पहिल्या मात्रेला हात थांबला नाही.